फ्रीजर मध्येच बंद पडला होता. आता काय ठेवावे आणि काय टाकावे?

एका वाचक भगिनीच्या पत्राचा सारांश असा: घर दोन दिवस बंद होते. परत आल्यावर मायक्रोवेव्हवरचे घड्याळ लुकलुकताना दिसले, म्हणजे मधल्या काळात वीज जाऊन परत आली होती. फ्रीजर उघडला तेव्हा आतले सगळे दगडासारखे कडक होते. मात्र एरवी सुटे असणारे मटार एकाच गोळ्यात चिकटले होते, कोंबडीच्या पाकिटाच्या तळाशी लालसर पाणी गोठले होते आणि आइस्क्रीम डब्याच्या एका बाजूला कलंडून घट्ट झाले होते. पतीचे म्हणणे असे की एकदा वितळलेले पुन्हा गोठले की ते खाण्यालायक राहत नाही, तेव्हा सगळे टाकून द्यावे. सत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंचे म्हणणे असे की वास येत नाही, मग नीट उकळून घ्यावे, अन्न टाकू नये. त्याच संध्याकाळी त्या मटारची भाजी झाली, लहान मुलासह सर्वांनी खाल्ली आणि कुणालाही त्रास झाला नाही. मग बाकीचेही चांगले आहे असे समजावे का, असा वाचकाचा प्रश्न आहे. जाता जाता त्यांनी असेही लिहिले आहे की, एरवी त्या सकाळी कामावर निघताना कोंबडी ओट्यावर काढून ठेवतात आणि संध्याकाळी आल्यावर शिजवतात, त्याने आजवर काही बिघडलेले नाही.

तुमच्या पती आणि सासूबाई यांच्यातल्या वादाचा निवाडा तुम्ही माझ्याकडे सोपवला आहे. पण दोघेही पदार्थाकडे पाहून मत देत आहेत, आणि निर्णय मात्र दोन गोष्टींवर ठरतो: पदार्थ किती तापमानापर्यंत पोहोचला आणि त्या तापमानाला किती वेळ राहिला. तो वितळला होता की नाही, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. फ्रीजरमध्ये उणे 18 अंश सेल्सिअसला जिवाणूंची वाढ थांबते, पण बहुतेक जिवाणू मरत नाहीत. पदार्थ वितळून साधारण 4 अंशांच्या वर गेला की ते पुन्हा वाढू लागतात, आणि 4 ते 60 अंश हा त्यांच्या वाढीचा पट्टा मानला जातो. या पट्ट्यात मांस, मासे, दूध, अंडी, शिजवलेले अन्न असे नाशवंत पदार्थ एकूण दोन तासांपेक्षा जास्त राहिले तर ते टाकावेत, आणि भोवतालचे तापमान 32 अंशांच्या वर असेल तर ही मुदत एकाच तासाची धरावी, असा सर्वत्र सांगितला जाणारा नियम आहे. अनुकूल उबेत काही जिवाणू दर वीस मिनिटांना दुप्पट होतात; म्हणजे तत्त्वतः एका जिवाणूचे आठ तासांत दीड कोटीहून अधिक होऊ शकतात. प्रत्यक्षात वाढ इतकी सरळ होत नाही, परंतु तासांना इतके महत्त्व का द्यायचे, ते यावरून लक्षात यावे.

आता पतींचे म्हणणे घेऊ. वितळलेले पुन्हा गोठवू नये हा नियम त्यांनी बहुधा पाकिटांवर वाचला असेल, आणि तो चुकीचा नाही. मात्र त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. पहिली गोष्ट दर्जाची. घरातला फ्रीजर हळूहळू गोठवतो, त्यामुळे बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि ते मांसाच्या, भाजीच्या, फळाच्या पेशी फाडतात; वितळताना त्या पेशींतले पाणी बाहेर पडते. दुसऱ्यांदा तेच घडले की मांस कोरडे आणि चिवट लागते, भाजी लिबलिबीत होते. हे नुकसान चवीचे आहे, त्याने कुणी आजारी पडत नाही. दुसरी गोष्ट सुरक्षिततेची, आणि तिथे नियम पुष्कळ सैल आहे: जो पदार्थ फ्रिजच्या थंडाव्यात, म्हणजे 4 अंशांच्या आत वितळला, तो न शिजवतासुद्धा पुन्हा गोठवता येतो, आणि ज्यात अजून बर्फाचे कण शिल्लक आहेत तोही गोठवता येतो. कच्चे मांस वितळवून, शिजवून, मग ते शिजवलेले अन्न गोठवणे तर अगदी बिनधोक आहे, फक्त ते लवकर थंड करून फ्रीजरमध्ये जायला हवे.

बर्फाच्या कणांवर एवढा भरवसा का, याचे कारण मला फार समाधान देणारे वाटते, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. शून्य अंशाच्या बर्फाचे शून्य अंशाचेच पाणी व्हायला जेवढी उष्णता लागते, जवळपास तेवढ्याच उष्णतेत तेच पाणी शून्यापासून 80 अंशांपर्यंत तापू शकते. म्हणजे वीज गेल्यावर आत शिरणारी उष्णता बराच काळ नुसता बर्फ वितळवण्यात खर्ची पडते आणि तोवर पदार्थाचे तापमान शून्याच्या आसपासच घुटमळत राहते. बंद फ्रीजरमधल्या पाकिटात बर्फ हाताला लागतो आहे, याचा अर्थ ते पाकीट अद्याप धोक्याच्या पट्ट्यात शिरलेले नाही. याच कारणाने काठोकाठ भरलेला फ्रीजर दार न उघडल्यास साधारण 48 तास थंडावा धरून ठेवतो, अर्धा भरलेला 24 तास; आणि खालचा किंवा शेजारचा साधा फ्रिज, ज्यात बर्फच नसतो, तो जेमतेम चार तास. तुम्ही फ्रीजरविषयीच लिहिले आहे, फ्रिजमधल्या दुधाविषयी, उरलेल्या आमटीभाजीविषयी काहीच लिहिलेले नाही. माझ्या मते वीज चार तासांहून अधिक काळ नसेल तर सर्वांत आधी तिथले नाशवंत पदार्थ टाकायला हवेत, कारण ते पुन्हा थंड झाल्यावर नेहमीसारखेच दिसतात आणि त्यांच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही.

तेव्हा तुमच्यापुढचे पहिले काम तपासाचे आहे: वीज किती वेळ नव्हती? लुकलुकणारे घड्याळ इथे अर्धीच साक्ष देते. अशी बरीच घड्याळे वीज परत आल्यावर आरंभापासून पुढे मोजू लागतात; त्यावरून वीज कधी आली हे काढता येते, ती कधी गेली होती हे नाही. विजेवर चालणारे काट्यांचे घड्याळ घरात असेल तर ते अधिक उपयोगी, कारण ते जेवढे मागे पडले असेल तेवढाच वेळ वीज नव्हती, अर्थात खंड बारा तासांच्या आतला असेल तर. नाहीतर शेजाऱ्यांना विचारावे किंवा वीज कंपनीकडे चौकशी करावी. या एका माहितीवर पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

मग आतल्या खुणा वाचाव्यात, आणि त्या वाचताना घाईने घाबरू नये. कलंडलेल्या आइस्क्रीमकडे पाहून सगळा फ्रीजर उबदार झाला होता असा निष्कर्ष तुमच्या पतींनी काढला असावा, पण आइस्क्रीम ही फार हळवी वस्तू आहे. त्यातल्या साखरेमुळे ते शून्याच्या बरेच खाली असतानाच ढिले पडू लागते, म्हणजे आइस्क्रीम कलंडले तेव्हा शेजारची कोंबडी कडक गोठलेली असणेही शक्य आहे. ते आइस्क्रीम मात्र टाकावे, कारण ते पुरते वितळले होते की नुसते मऊ पडले होते हे आता कळणार नाही, ते शिजवून खाण्याची सोय नाही, आणि त्यात दूध असते. मटारचा गोळा होणे याचा अर्थ दाण्यांवरचे पाणी सुटून पुन्हा गोठले एवढाच. दार वारंवार उघडल्यानेही हळूहळू असे होते. कोंबडीच्या पाकिटातले गोठलेले लालसर पाणी ही या तिन्हींतली सर्वांत गंभीर खूण आहे. ते रक्त नव्हे, मांसातून निथळलेले पाणी आहे, आणि ते पाकिटाच्या तळाशी साचून गोठले आहे म्हणजे मांस बऱ्याच प्रमाणात वितळले होते. ते दुकानातून घरी येतानाही निथळलेले असू शकते, हे मी नाकारत नाही. पण पूर्वी ते तसे नव्हते अशी तुमची खात्री असेल, तर ही कोंबडी मधल्या काळात वितळली होती असेच धरावे लागेल.

सासूबाईंच्या म्हणण्याकडे वळतो, आणि त्यातला अन्न न टाकण्याचा आग्रह मला मनापासून पटतो. त्यांच्या दोन कसोट्या मात्र पटत नाहीत. वास ही पहिली. अन्नाला आंबूस वास आणणारे, ते बुळबुळीत करणारे जिवाणू आणि माणसाला आजारी पाडणारे जिवाणू हे बहुतेक वेळा वेगळे असतात. पहिल्या प्रकारचे माजले की नाकाला कळते. साल्मोनेलासारखे दुसऱ्या प्रकारचे पुरेसे वाढले तरी मांसाचा रंग, वास, स्पर्श यांत काही फरक पडेलच असे नाही. म्हणून वास येत असेल तर टाकावेच, पण वास येत नाही हा चांगले असल्याचा पुरावा होत नाही. चव घेऊन पाहणे तर त्याहून वाईट, कारण ज्याची शंका आहे तेच आपण पोटात घालतो.

उकळणे ही दुसरी कसोटी, आणि इथे त्यांचे बरेचसे बरोबर आहे. मांसाच्या सर्वांत जाड भागात 74 अंश तापमान पोहोचले की साल्मोनेला, लिस्टेरिया असे रोगकारक जिवाणू मरतात. अडचण अशी की काही जिवाणू मरण्यापूर्वी अन्नात विष सोडून ठेवतात आणि ते विष उकळण्याने जात नाही. माणसाच्या त्वचेवर आणि नाकात आढळणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा त्यांतला एक; हाताळलेल्या, शिजवून ठेवलेल्या अन्नात तो वाढतो. भात आणि इतर शिजवलेल्या पिठूळ पदार्थांत वाढणारा बॅसिलस सेरियस हा दुसरा, आणि त्याचे उलटी आणणारे विष पाण्याच्या उकळबिंदूच्याही वरच्या तापमानाला टिकते. टूना, बांगडा अशा काही माशांत, ते उबेत राहिल्यास, हिस्टॅमिन तयार होते. तेही ना शिजवण्याने जाते ना गोठवण्याने, आणि खाल्ल्यावर काही वेळातच तोंड लाल होणे, डोके दुखणे, अंगावर पित्त उठल्यासारखे होणे असा त्रास होतो. उकळून घेतल्याने जिवाणू मारता येतात, पण पदार्थ उबेत राहिल्याचे तास परत घेता येत नाहीत. त्यामुळे ओट्यावर दुपारभर राहिलेल्या अन्नाला संध्याकाळी दिलेली उकळी हा उपाय ठरत नाही.

भाजी खाऊन कुणाला काही झाले नाही, यावरून बाकीचे ठरवण्याविषयी. मटार हा कमी धोक्याचा पदार्थ आहे आणि तुम्ही तो शिजवलात. त्याचा दाखला कोंबडीला लागू पडत नाही. शिवाय एखाद्या वेळी काही न होणे यात त्या वेळी जिवाणू थोडे असण्याचा, ते पाकीट मागच्या बाजूला थंड जागी असण्याचा वाटा असू शकतो. एक गोष्ट तुम्ही नकळत फार चांगली केलीत, ती म्हणजे मटार शिजवलेत. अनेकजण गोठवलेले मटार आणि मका धुऊन तसेच सॅलडमध्ये टाकतात. 2015 ते 2018 या काळात युरोपातल्या अनेक देशांत पसरलेली लिस्टेरियाची साथ गोठवलेल्या मक्यापर्यंत आणि त्याच कारखान्यातल्या इतर भाज्यांपर्यंत शोधत नेण्यात आली होती आणि तीत माणसे दगावली होती. लिस्टेरिया फ्रिजच्या तापमानालाही वाढतो, म्हणून गोठवलेल्या भाज्या पाकिटावर तसे स्पष्ट लिहिले नसेल तर कच्च्या खाऊ नयेत.

तुमच्या फ्रीजरबाबत मी काय केले असते, ते सांगतो. वीज किती वेळ नव्हती हे कळले नाही, तर कोंबडी, मासे, खिमा, शिजवून ठेवलेले अन्न आणि दुधाचे पदार्थ टाकावेत. घरात सत्तरीच्या पुढची व्यक्ती आणि लहान मूल आहे, आणि अशा विषबाधा याच दोन वयोगटांना, तसेच गरोदर स्त्रियांना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना जास्त बाधतात. ब्रेड, साधा केक, लोणी, कडक चीज, पीठ, फळे आणि फळांचे रस ठेवायला हरकत नाही. फळे आणि रस आंबले असतील तर वासाला, चवीला कळतात, आणि इथे तो निकष चालतो. एकच अट: कोंबडीचे पाणी निथळून त्यांच्यावर सांडलेले नसावे. ज्या पिशवीवर ते पाणी गोठलेले दिसेल, ती पिशवी फळांची असली तरी तिला कोंबडीचाच न्याय लावावा. उरलेले मटार शिजवून संपवावेत. चौकशीअंती खंड सहा-आठ तासांचाच होता आणि फ्रीजर भरलेला होता असे निघाले, तर मात्र कोंबडीसुद्धा टाकण्याचे कारण नाही. ती फ्रिजमध्ये वितळवून, पूर्ण शिजवून खावी. नंतर फ्रीजरचे कप्पे साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडे करावेत, आणि पदार्थ परत ठेवताना पाकिटे एकावर एक न रचता सुटी ठेवावीत, म्हणजे ती लवकर गोठतात.

तुमच्या पत्रातले सर्वांत चिंताजनक वाक्य मात्र शेवटचे आहे. वीज दोन दिवसांत एकदा गेली. कोंबडी ओट्यावर तुम्ही बहुधा दर आठवड्याला ठेवता. सकाळी कडक गोळा बाहेर काढला की त्याचा बाहेरचा थर तासा-दोन तासांत धोक्याच्या पट्ट्यात शिरतो आणि मधला भाग गोठलेला असेपर्यंत, तसेच त्यानंतरही, तिथेच राहतो. बर्फाच्या कणांचा जो निकष मी वर सांगितला तो इथे लागू होत नाही, हे कृपया ध्यानात ठेवावे: बंद फ्रीजरमध्ये पदार्थाच्या भोवतीची हवाही थंड असते, ओट्यावर ती नसते. मध्ये बर्फ आणि कडेला खोलीचे तापमान, अशी एकाच पाकिटात दोन टोके असतात, आणि जिवाणू बहुतांशी कडेलाच असतात.

तुमच्या दिनक्रमात बसेल असा सोपा बदल म्हणजे कोंबडी आदल्या रात्री फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, खोलगट भांड्यात ठेवावी, म्हणजे निथळलेले पाणी इतर अन्नावर पडणार नाही. दोन-अडीच किलोला साधारण एक पूर्ण दिवस लागतो, अर्धा किलो रात्रीतून होऊन जाते. अशा रीतीने वितळलेली कोंबडी, खिमा किंवा मासे फ्रिजमध्ये आणखी एक-दोन दिवस ठेवता येतात. बेत बदलला तर पुन्हा गोठवताही येतात. रात्री विसरलात तर संध्याकाळी पाकीट पाणी न शिरणाऱ्या पिशवीत बांधून थंड पाण्यात बुडवावे आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदलावे. अर्धा किलो तासाभरात सुटते. कोमट पाणी वापरू नये, ते ओट्यावरच्या उबेपेक्षाही घाईने बाहेरचा थर तापवते. मायक्रोवेव्हमध्ये सोडवलेले मांस लगेच शिजवावे, कारण कडा शिजायला सुरुवात झालेली असते. आणि न वितळवता थेट शिजवणेही अगदी सुरक्षित आहे, फक्त वेळ साधारण दीडपट लागतो. कोणत्याही घाईच्या संध्याकाळी मला हाच मार्ग सर्वांत बरा वाटतो. माशांविषयी एक जास्तीची सूचना: हवा काढून बंद केलेले मासे फ्रिजमध्ये वितळवण्यापूर्वी पाकिटाला छेद द्यावा किंवा ते उघडावे. कारण बोट्युलिझम या स्नायू लुळे पाडणाऱ्या गंभीर विषबाधेचा एक जिवाणू हवेविना आणि 4 अंशांच्याही थोड्या खाली वाढू शकतो.

पुढच्या वेळी हा तपास करावा लागू नये म्हणून फ्रीजरमध्ये एक थर्मामीटर ठेवावा. तो नसेल तर पेलाभर पाणी गोठवून त्या बर्फावर एक नाणे ठेवून पेला आतच राहू द्यावा. बाहेरगावाहून आल्यावर नाणे वरच असेल तर काही घडले नाही; ते तळाशी गेलेले असेल तर पेल्यातले पाणी पूर्ण वितळले होते, आणि मांस-मासे टाकायला त्याहून वेगळा पुरावा शोधण्याची गरज नाही. ते अर्ध्यावर अडकलेले असेल तर बर्फ शिल्लक होता, म्हणजे पेल्याच्या आसपास ठेवलेल्या पाकिटांबाबत निर्धास्त राहता येईल. पेला दाराजवळ आणि वरच्या बाजूला ठेवावा, कारण ऊब आधी तिथे पोहोचते.

खाल्लेल्या भाजीबद्दल काळजीचे कारण मला दिसत नाही. तरीही घरात कुणाला येत्या दिवसांत रक्तमिश्रित जुलाब, 39 अंशांच्या आसपास ताप, पाणीसुद्धा न टिकणारी उलटी किंवा तीन दिवसांहून अधिक चालणारे जुलाब झाले, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे आणि काय, केव्हा खाल्ले ते सांगावे. सासूबाई आणि मूल यांच्या बाबतीत तीन दिवसही थांबू नये. लघवी कमी झाली, तोंड कोरडे पडले, ग्लानी आली, तर त्याच दिवशी दाखवावे.